कालथ्याने खरवडलेली नोटीस

आज चर्चमधल्या उपासनेनंतर चहा घेताना एक तरुण म्हणाला, "पाळकसाहेब सारखं इशारा, इशारा काय करतात? देव प्रीती आहे ना? आठवड्यातनं एकदा येतो, बरं वाटेल असं बोला की." चार जणांनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

मी सातवीत होतो. कोपरीतली आमची जुनी बिल्डिंग. पावसाळ्याआधी जिन्याखाली नोटीस लागली: इमारत धोकादायक आहे, रिकामी करा. पप्पांनी आईच्या हातातला कालथा घेतला आणि ती खरवडून काढली. स्टूल मी धरलं होतं. कागदाची ओली सालपटं माझ्या डोक्यावर पडत होती.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३६वा अध्याय काढा. देवाचा इशारा लिहून यहूदाच्या राजाकडे पोचलाय. यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय. बारूखाने यिर्मयाच्या तोंडून उतरवून घेतलेली गुंडाळी यहूदी नावाचा माणूस वाचतोय. तीन-चार रकाने झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापतो नि शेगडीत टाकतो. तिघांनी विनवलं, जाळू नका. ऐकलं नाही. आणि मग देव काय करतो? यिर्मयाला सांगतो, दुसरी गुंडाळी घे, पुन्हा लिही. राजाला काय भोगावं लागेल तेही सांगतो, हो. पण लिहायला लावतो! ज्याला नुसतं मारायचंच आहे तो पुन्हा कळवत बसेल का?

आम्हालाही दुसऱ्या वर्षी पुन्हा नोटीस आली. पुन्हा कालथा.

मान्य, जायचं कुठे हा प्रश्न होता, डिपॉझिटला पैसे नव्हते. पण पप्पांनी कुणाला साधं विचारलंही नाही. "काही होत नाही," एवढंच. बायबलमधल्या लोटाने सदोम शहराचा नाश होणार, निघा, असं जावयांना सांगितलं, तेव्हा त्यांनाही सासरे थट्टा करताहेत असंच वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये मागच्या गॅलरीचा स्लॅब आला. आई कपडे वाळत घालत होती. तिचा उजवा पाय तेव्हापासून सरळ पडत नाही.

तेव्हा मंडळीतलेच कुणी म्हणाले होते, काहीतरी पाप असेल. हे ऐकलं की आजही माझं रक्त उसळतं. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला, ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते? प्रभू येशूने स्वतः सांगितलं, नाही. शिळफाट्याला २०१३च्या एप्रिलमध्ये इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तीही तुमच्या-माझ्यापेक्षा पापी नव्हती. प्रभू त्याच दमात पुढे म्हणतो, पश्चात्ताप करा. तो इशारा ऐकणाऱ्यांना आहे. मेलेल्यांवर बोट दाखवायला नाही.

भीती घालून दान उकळणारे आहेत, नाही म्हणत नाही. त्यांचा हिशोब देव करील. पण त्यांच्यापायी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या, संकट दिसलं की तुतारी फुंकणाऱ्या पहारेकऱ्याने तुतारी खाली ठेवायची का? योना संदेष्ट्याने इशारा दिला तेव्हा निनवे शहराला चाळीस दिवस मिळाले. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसला, शहर वाचलं. यरुशलेमाला कितीतरी वर्षं मिळाली आणि इ.स.पू. ५८६ मध्ये ते जळालं.

पप्पा शेवटची दोन वर्षं रोज रात्री आईच्या पायाला तेल चोळायचे. बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "दोनदा कळवलं होतं गं."

बाळा, तू हे वाचत असशील तर तुझ्यावर राग नाही माझा. पुढच्या रविवारी ये. आई डाव्या बाजूला दुसऱ्या बाकावर बसते, पाय थोडा बाहेर काढून. तिच्या शेजारी जागा असते.