'टायमरची किंमत तपासायची गरज नाही' हा सल्ला घातक आहे

प्रोग्रामरांच्या ग्रुपवर एक सल्ला सतत फॉरवर्ड होत असतो: "शेड्यूलरमध्ये टायमरची किंमत तपासत बसू नका, लायब्ररी बघून घेते. उणे किंमत प्रत्यक्षात येत नाही. आलीच तर शून्य धरा. फारच काळजी वाटत असेल तर 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही एक अट पुरे." शेड्यूलर म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, आणि टायमरची किंमत म्हणजे काम किती वेळाने चालवायचं तो आकडा. नवी मुलं हा सल्ला प्रमाण मानून कोड लिहितात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

लायब्ररी बघून घेते हे खरं, पण प्रत्येक लायब्ररी वेगळं काहीतरी करते. गो भाषेत स्लीपला (थांबून राहण्याच्या फंक्शनला) उणे किंमत दिली तर ते तत्काळ परततं. टिकरला (ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या टायमरला) दिली तर प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन कोसळतो. जावाचा जुना टायमर उणे डिलेवर एक्सेप्शन (एरर) फेकतो, तिथलाच नवा शेड्यूल्ड एक्झिक्युटर मात्र तीच किंमत 'आत्ताच चालव' अशी वाचतो. मला सर्वांत जास्त धास्ती नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) वाटते. तिथे टायमरची कमाल मर्यादा 2,14,74,83,647 मिलिसेकंद, म्हणजे 24 दिवस आणि साधारण साडेवीस तास. 30 दिवसांनी रिमाइंडर जावा म्हणून तुम्ही 2,59,20,00,000 दिले, तर नोड एक वॉर्निंग छापतं आणि डिले 1 मिलिसेकंद करून टाकतं. महिन्याभराने जायचा रिमाइंडर त्याच क्षणी जातो. तेच काम सेटइंटरव्हलने, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या टायमरने, लावलं असेल तर रिमाइंडरांचा पाऊस सुरू होतो, आणि ती वॉर्निंग लॉगमध्ये कुठेतरी वर निघून गेलेली असते.

उणे किंमत येत नाही म्हणणाऱ्यांनी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची घटना वाचावी. 2016 संपताना घड्याळात एक लीप सेकंद (जादा सेकंद) घातला गेला आणि त्यामुळे संगणकाचं घड्याळ क्षणभर मागे गेलं. भारतात तेव्हा 1 जानेवारी 2017 ची पहाट होती, साडेपाचची वेळ. त्यांच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या) 'आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ' असा हिशोब होता आणि उत्तर कमीत कमी शून्य येईल असं धरलेलं होतं. ते उणे आलं. ती किंमत रँडम आकडा काढणाऱ्या फंक्शनकडे गेली आणि फंक्शन पॅनिक झालं. कोडमध्ये तपासणी होती, पण '== 0' अशी. दुरुस्ती म्हणून ती '<= 0' झाली, तेवढ्या एका चिन्हाने काम भागलं. 2017 मध्येच गोच्या 1.9 आवृत्तीत मोनोटॉनिक (कधीही मागे न जाणारं) घड्याळ आलं, पण शेड्यूलरला त्याचा आधार अर्धाच आहे: कामाची पुढची वेळ डेटाबेसमधून वाचली की ती साध्या घड्याळाचीच असते आणि सर्व्हरचं घड्याळ कधीही पुढेमागे केलं जाऊ शकतं.

आलीच तर शून्य धरा, हा मुद्दा एका ठिकाणी बरोबर आहे. एकदाच चालणाऱ्या कामाची वेळ टळून गेली असेल, तर ते लगेच चालवणं योग्य. ती किंमत अवैध नाही, फक्त उशिराची आहे. पण दर काही मिनिटांनी चालणाऱ्या कामाचा कालावधी शून्य धरणं म्हणजे सीपीयू जाळणं. त्यात लिनक्समध्ये टायमर-एफडी या टायमर सुविधेला पहिली वेळ शून्य दिली की टायमर चक्क बंद होतो. म्हणजे 'लगेच चालव' म्हणून दिलेल्या शून्याने काम कधीच चालत नाही, आणि एररही येत नाही.

आता ती 'एक अट'. इथे जरा थांबायला हवं, कारण अनुभवी माणसंही इथे फसतात. कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) कुणी '30s' लिहिलं आणि जावास्क्रिप्टने त्याची संख्या करायला घेतली, तर हाती येतो नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही' असं सांगणारी खास किंमत. नॅन शून्यापेक्षा कमी आहे का? नाही. कमाल मर्यादेपेक्षा जास्त आहे का? तेही नाही. दोन्ही अटी तो पार करतो. मग त्यावरून काढलेली पुढची वेळही नॅन होते आणि शेड्यूलरच्या हीपमध्ये (सर्वांत आधीचं काम टोकावर ठेवणाऱ्या रचनेत) जाऊन बसते. कशाशीही तुलना केली तरी उत्तर 'नाही', त्यामुळे हीपचा क्रम बिघडतो. नॅन टोकावर आला तर 'याची वेळ झाली का?' याचं उत्तर कायम नकारार्थी, आणि त्याच्या मागची सगळी निर्दोष कामं अडकून पडतात. म्हणून अट उलटी लिहायची: किंमत सान्त संख्या आहे, किमान मर्यादेइतकी किंवा जास्त आहे आणि कमाल मर्यादेच्या आत आहे, हे तिन्ही खरं असेल तरच आत घ्यायची.

काहीजण अनसाइन्ड टाइप (उणे आकडा ठेवूच न शकणारा प्रकार) वापरा म्हणतात. 32 बिटांत उणे एक हा 4,29,49,67,295 होतो. मिलिसेकंद धरले तर काम जवळपास 50 दिवस झोपतं.

ही तपासणी काम नोंदवण्याच्या फंक्शनमध्येच असावी, टायमर लावताना नव्हे. नोंदवतानाच नकार दिला तर स्टॅक ट्रेसमध्ये (एररबरोबर छापल्या जाणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) चूक करणारी ओळ दिसते. एररमध्ये कामाचं नाव, आलेली किंमत जशीच्या तशी आणि ती कोणत्या कॉन्फिगमधून आली एवढं छापा. रात्री दोनला फोन आलेल्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं.