फार्मासिस्ट कुठे आहेत, एवढंच विचारलं

आज सकाळी साडेदहाला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणायला गेले. माझ्यापुढे एक आजोबा होते. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठीवर नजर टाकली, आतून पट्टी आणली, कात्रीने सहा गोळ्या कापल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या. एक्सपायरी छापलेला तुकडा दुकानाच्याच ड्रॉवरमध्ये गेला. गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, एक शब्द नाही.

मी विचारलं, "फार्मासिस्ट कुठे आहेत?"

"जेवायला गेलेत, काकू. तुम्हाला काय हवंय ते सांगा ना."

साडेदहाला! भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट लावलंय. त्यावर ज्यांचा फोटो आहे, त्यांना मी चार वर्षांत एकदाही त्या दुकानात पाहिलेलं नाही.

घरी आल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

२०१९ साली आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माहीत असेल, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सोबत फोलिक ॲसिड. आमच्याकडे आल्या त्या दोन्ही गोळ्या बारीक आणि पिवळ्या. दुकानातल्या पोराने त्या दोन खाकी पाकिटांत घातल्या आणि निळ्या पेनने एकावर 'रोज १' लिहिलं, दुसऱ्यावर 'रविवारी १'. नेमकी अदलाबदल झाली. आई शिस्तीची. रोज रात्री जेवण झालं की न चुकता गोळी. नवव्या दिवशी तोंडभर फोड आले, पाणी गिळवेना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार खाली. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. वाचली.

ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. 'रोज १'. अक्षर छान आहे पोराचं.

तिथे शिकलेला माणूस उभा असता तर "मावशी, ही फक्त रविवारी हं" एवढं एक वाक्य बोलला असता. त्या एका वाक्यासाठीच तर तो दुकानात असायचा असतो. चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं, हे १९४८ च्या फार्मसी ॲक्टमध्ये लिहिलंय. म्हणजे कायदा आईच्या लहानपणापासूनचा आहे! २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या 'एच-वन' नावाच्या कडक नियमांच्या यादीत आहेत. ती देताना पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. तुमचं नाव कुणी लिहून घेतल्याचं आठवतंय? आणि इन्सुलिन ठेवायचं २ ते ८ डिग्रीत. आमच्याकडे त्याच फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या, दर दोन मिनिटांनी दार उघडं.

मान्य, लॉकडाउनमध्ये हीच दुकानं उघडी होती, आणि महिनाअखेरीला उधारीवर औषध देणारेही हेच. मान्य, फार्मासिस्टला पगार तुटपुंजा मिळतो. पण म्हणून सर्टिफिकेट भाड्याने द्यायचं? चार वर्षं शिकून मिळवलेलं नाव दुसऱ्याच्या भिंतीला टांगायचं आणि आपण भलतीकडेच नोकरी करायची? आणि ते टांगून घेणारा मालक, त्याला रात्री झोप कशी लागते?

त्या पोरावर मात्र मी आज चढ्या आवाजात बोलले, त्याचं वाईट वाटतंय. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत उभा. त्याला मेथोट्रेक्सेट काय ते कुणी सांगितलंय? २०१९ चा तो पोरगाही असाच होता. आई ॲडमिट आहे कळल्यावर हॉस्पिटलच्या जिन्यात येऊन रडला होता. मालक आला नाही.

आणि आपणही कमी नाही. "दोन सर्दीच्या द्या", "मागच्या वेळची ती लाल गोळी द्या", बिल नको, घाई आहे. मीही हेच करायचे. आता नाही करत. पट्टी हातात घेऊन नाव वाचते, तारीख बघते, बिल मागते, मागे रांग कुरकुरली तरी. उद्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या नंबरवर फोन करणार आहे. तुमच्या कोपऱ्यावर असंच चालत असेल तर तुम्हीही करा.

मघाशी आईला कॅल्शियमची पट्टी दिली. तिने चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली, मागून पुढून पाहिली. सात वर्षं झाली, पण साधी व्हिटॅमिनची गोळी दिली तरी ती हेच विचारते.

"ही रोजची ना गं?"