कूलरला दोन पिनांचा प्लग लावून विकणाऱ्यांनो, पाणी आम्ही भरतो

काल संध्याकाळी नळ आले. बादली घेऊन कूलरपाशी गेले, डावा हात पत्र्याला टेकला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बादली हातातून सुटली. ओट्यावर पाणीच पाणी, त्यात मी अनवाणी उभी. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "करंट उतरला वाटते." एवढंच. कोणी धावत आलं नाही, कारण आमच्याकडे कूलरला करंट उतरणं ही बातमी राहिलेलीच नाही.

मिस्तरीला फोन केला. तो म्हणे, "लोखंडाचा कूलर आहे वहिनी, थोडा तर येतेच. चप्पल घालून पाणी भरत जा."

थोडा तर येतेच म्हणजे काय? किती येऊ द्यायचा? आणि ओल्या ओट्यावर झिजलेल्या स्लिपरच्या भरवशावर मी जीव ठेवू? हे ऐकल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे.

दर वर्षी होळी झाली की मागच्या खोलीतून कूलर काढायचा. तळाला मागच्या वर्षीचा गाळ, कोपऱ्यांना गंज, गवतावर बोरवेलच्या पाण्याचा पांढरा थर, हात लावला की कुरकुर मोडतो. ते फेकायचं, नवं आणायचं, टाकी घासायची, जिथं पत्रा खाल्ला गेलाय तिथं डांबर लावायचं. हे सगळं मी करते, दहा वर्षं करते आहे, त्याची तक्रार नाही. राग येतो तो विकत आणलेल्या सामानाचा. पंप एक उन्हाळा कसाबसा काढतो. गवताचा भुसा जाळीत अडकला, पाणी संपलं, पंप कोरडा फिरला की वाइंडिंग जळालंच. आणि पाणी संपणारच, आमच्याकडे नळ दोन दिवसांआड येतात. रात्री गावातले सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज एवढं पडतं की बल्ब पिवळा होतो आणि पंखा जागेवर हूं हूं करत गरम होतो. मग कंडेन्सर बदला. तेही बदलले.

पण यंदा मिस्तरीची वाट पाहून कंटाळले आणि प्लग काढून मागची जाळी स्वतःच उघडली. पंपाची वायर पत्र्याच्या एका भोकातून आत जाते. त्या भोकाला रबर नाही. ड्रिलने पाडलेलं भोक, कडा तशीच धारदार. पंखा सुरू असताना पत्रा थरथरतो आणि वायर त्या कडेवर रोज घासते. वरचं प्लास्टिक कापलं गेलं होतं आणि तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं. एक छोटंसं रबर लावलं नाही म्हणून! तेवढंच मी टेपने गुंडाळलं आणि निश्चिंत झाले. कालचा झटका त्याच्यानंतरचा आहे. म्हणजे आणखी कुठेतरी वायर उघडी आहे आणि मला ती सापडत नाही.

ज्याने हा कूलर बनवला त्याने प्लग दिला दोन पिनांचा. लोखंडी पेटी, तिच्यात पाणी, तिच्यात वीज, आणि पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायरच नाही. दुकानदाराला विचारायला गेले तर तो मलाच म्हणे, "तुमच्या बोर्डात तरी अर्थिंग आहे का?" घरी येऊन वायरमनकडून पाहून घेतलं. खरंच नव्हतं. बोर्डावर तिसरं मोठं भोक आहे, त्याच्या मागे वायर जोडलेलीच नाही. घर बांधताना फिटिंगचे पूर्ण पैसे मोजून घेतले होते त्या माणसाने!

ज्यांच्याकडे अर्थिंग आहे त्यांनीही एकदा बघा. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये पाय जाईल एवढी भेगाळते. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. म्हणून अर्थिंगची वायर जमिनीत जिथं पुरतात त्या खड्ड्यात कोळसा-मीठ टाकतात, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं लागतं. ज्या दिवसांत कूलर चालतो, नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग दगा देतं. हे कोणी सांगितलं आपल्याला? लाइन ओढून, पैसे घेऊन माणूस निघून जातो.

आणि "बोर्डात एमसीबी आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी नीट ऐका. एमसीबी म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारं बटण; ती वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचवायला नाही. ती पडायला कित्येक अँपिअर लागतात. माणसाचं हृदय बंद पडायला अँपिअरचा दहावा भागही पुरे. माणसासाठी असते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. करंट पत्र्यातून किंवा अंगातून जमिनीत गळायला लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडते. तिला पैसे लागतात हे मला कळतं. पण त्याहून जास्त पैशांचे मोबाईल या गावात पोरांच्या खिशात आहेत.

दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते, कूलरचा शॉक लागून महिलेचा मृत्यू. नाहीतर खेळता खेळता कूलरला हात लावलेलं लेकरू. बाईच का? कारण पाणी बाई भरते. पुरुष शेतातून येतो, हवेत झोपतो. बटण बंद न करता "भर ना पटकन, चालूच राहू दे, गरमी होते" असं सांगतो. माझ्या घरीही हेच सांगतात. पाणी भरायच्या आधी बटण बंद करून प्लग बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात कोणी उकडून मरत नाही!

कूलर लावूच नका असं म्हणणाऱ्यांनी इथे मे महिना काढून दाखवावा. २०१३ च्या मेमध्ये नागपूरला ४७.९ अंश तापमान होतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, आमची टिनाची खोली रात्री बारालाही भट्टीसारखी असते. हवा कोरडी आहे म्हणून तर कूलर इथे चालतो, पाणी उडतं आणि हवा थंड होते. पाऊस लागला, हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो. तेव्हा तो लगेच रिकामा करा आणि टाकीच्या कडा घासून पुसा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. चालू असतानाही आठवड्यातून एकदा घासायलाच हवा.

पण आधी करंट. काल रात्री आम्ही कूलरविना झोपलो. सासूबाई रात्रभर ओल्या पंच्याने तोंड पुसत होत्या, लहाना तीनदा उठला. आज सकाळी "तुले जरा काही झालं की तू घर डोक्यावर घेते" असं यांनी म्हटलं. मी घेतलं डोक्यावर. प्लग कापून ठेवला आहे, आता चालूच करता येणार नाही. मागच्या अंगणात कुदळीने खड्डा खणून झाला, कमरेएवढा. मिठाची पिशवी आणि कोळसा आणला. तालुक्याहून तीन पिनांचा प्लग, आरसीसीबी आणि मूठभर रबरं आणली, स्वतःच्या पैशांनी. वायरमन तीनदा म्हणाला, "उद्या येतो." उद्या नाही आला तर त्याच्या दारात जाऊन बसणार आहे, सासूबाईंना घेऊन.