टिपचा दगड

“कुत्र्याला कसली समाधी?”

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने हे लिहिलं तेव्हा माझ्या कुत्र्याला, मोतीला, जाऊन आठ दिवस झाले होते. विषय रायगडावरच्या वाघ्याचा. संभाजीराजे छत्रपतींनी मार्च २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ते १९३६ चं स्मारक हटवायची मागणी केली, तेव्हापासून ग्रुप पेटला होता. वाघ्याला इतिहासात पुरावा आहे की नाही ते इतिहासकारांनी ठरवावं. पण दादाचं वाक्य पुराव्याबद्दल नव्हतंच. ज्या घरात दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांनाही रोज कुंकू लागतं, त्या घरातून हे यावं?

शनिवारी इथे इंग्लंडात, शेफील्डहून एकटीच डरवेंट धरणावर गेले. गाडी फेअरहोम्सला लावली. दर आठवड्याला आम्ही दोघं तिथूनच निघायचो. एप्रिलची कोवळी उन्हं, मेंढ्यांना नुकती झालेली कोकरं, वर माळावर कर्ल्यू पक्षी ओरडत होते. मोतीचा पट्टा खिशात होता. घरी ठेवून जाववेना.

धरणाच्या पश्चिम टोकाला टिपचा दगड आहे. मेंढ्या राखणारी कुत्री ती. १२ डिसेंबर १९५३ ला तिचा मालक जोसेफ टॅग हाउडनच्या माळावर गेला आणि तिथेच वारला. २७ मार्च १९५४ ला तो सापडला, तेव्हा टिप त्याच्याजवळ होती, जिवंत. भर हिवाळ्यातले पंधरा आठवडे. लोकांनी वर्गणी काढून दगड बसवला. या दगडामुळे कुणाचा मान कमी झाल्याचं मी इथे कधी ऐकलं नाही.

मोती गेला तर शेजारणीने दारातून कार्ड टाकलं, ऑफिसात साहेबाने स्वतःहून दोन दिवस सुट्टी दिली. माझ्या माणसांनी मात्र “दुसरा आण” म्हटलं. हे मला लागलं, अजून लागतं.

पाण्याच्या कडेने चालत राहिले. रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या आणि तोंडून निघालं, “सरका गं बायांनो.” स्वतःचाच आवाज ऐकून थांबले. आठ दिवसांत मोठ्याने बोललेलं ते माझं पहिलं मराठी. मुलं इंग्रजीतच उत्तर देतात, नवरा तमिळ. या घरात माझं मराठी समजणारा एकच जीव होता. “चल रे”, “बस इथे”, “काय झालं माझ्या राजाला”, हे सगळं त्याच्यासाठी होतं. बावीस वर्षं इथे राहून मी कुठली, या प्रश्नाचं उत्तर रोज संध्याकाळी दाराशी शेपूट हलवत उभं असायचं.

त्या दगडापाशी परत येऊन बराच वेळ बसले. दादाला टिपच्या तारखा लिहिल्या, मग पुसल्या. नुसता मोतीचा फोटो टाकला.

रात्री त्याचं उत्तर आलं. “आबांच्या खंड्यासारखा दिसतो गं. बांधावरच्या आंब्याखाली पुरला तेव्हा आबा जेवले नव्हते. तू लहान होतीस.”