रस्सा विका, कृती विकू नका

तुमच्या डोक्यात एखादी बरी कल्पना असेल, गाठीला दोन पैसे असतील आणि घरात एखादा भाचा कोडिंग शिकून रिकामा बसला असेल, तर ताबडतोब ॲप काढा. माझं ऐका. मी काढलं आहे. म्हणजे, काढलं होतं.

नागपुरात महाल भागात माझा शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास आहे. जुन्या वाड्याची माडी, साठ पोट्टे, तीन पंखे, त्यातला एक फिरतो. सराव प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढून काढून कंबरडं मोडलं, तेव्हा भाच्याने त्या सगळ्या फोनवर चढवून दिल्या. महिन्याला 99 रुपये. उमरेड-काटोलकडची मुलंही जोडली गेली. भाचा तर स्वतःला उद्योजक म्हणवून घेऊ लागला. परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना रात्री अकराला एक ईमेल आला आणि सकाळी ॲप फोनवरच्या ॲपांच्या दुकानातून गायब. गुन्हा काय? पैसे भरायच्या पानावर मी एक ओळ लिहिली होती: 'क्लासमध्ये येऊन रोख भरल्यास 80 रुपये.' म्हणजे दुकानाचा वाटा चुकवायचा रस्ता दाखवला होता.

फोनवर अशी दोनच मोठी दुकानं आहेत, ॲपलचं आणि गूगलचं. माझ्यावर कृपा झाली ती कोणत्या, ते लिहीत नाही. पुढेही मला त्याच दारात उभं राहायचं आहे. अनुभवातून आलेलं ज्ञान मात्र फुकट वाटतो आहे.

तर आधी धंदा नीट निवडा. सावजीचा रस्सा विका. ॲपवर ऑर्डर घ्या, डबा घरपोच द्या, फोनवरच्या दुकानाचा वाटा शून्य. पण त्याच रश्श्याची कृती, मसाल्याच्या मापासकट, महिन्याच्या वर्गणीवर विकलीत की ती 'डिजिटल वस्तू' झाली, तिच्यावर वाटा लागला. संत्री विका, शून्य. संत्र्याची बाग ताणावर कधी सोडायची याचे व्हिडिओ विका, काढा पैसे. गणिताचं पुस्तक पार्सलने पाठवा, कोणी विचारणार नाही. तेच गणित पडद्यावर दाखवा, हिस्सा ठेवा. यामागचं तर्कशास्त्र मी क्लासात बुद्धिमत्ता चाचणीचा प्रश्न म्हणून घातलं. एकाही पोट्ट्याला सुटलं नाही. मलाही उत्तरसूची सापडलेली नाही.

टक्केवारीवर कुरकुर करू नका. 2008 साली ॲपलने दुकान उघडलं तेव्हा 30 टक्के ठरवले. गूगलनेही दुकान मांडलं आणि तोच आकडा लावला. दोन प्रतिस्पर्ध्यांना एकच आकडा सुचतो याला योगायोग म्हणायचं असतं. 2021 पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या चिल्लर लोकांना 15 टक्क्यांची सवलत मिळाली. मी चिल्लर आहे. आभार मानले.

दुकानाचा फोन नंबर शोधू नका. नाही आहे.

कळमना मार्केटातल्या अडत्याला मात्र शिव्या देणं बंद करा, फार अन्याय झाला बिचाऱ्यावर. माझे आजोबा त्याला आयुष्यभर लुटारू म्हणत आले. अडत किती? सहा-आठ टक्के. बरं, तो लुटारू समोर गादीवर बसलेला असायचा. चहा पाजायचा. लग्नाला उचल द्यायचा, भले मग ती पुढल्या बहारात वळती करून घ्यायचा. त्याच्याशी भांडता यायचं, आणि भांडून भागलं नाही तर ढिगारा उचलून पलीकडच्या अडत्याकडे नेता यायचा. आणि माल विकून झाल्यावर, गिऱ्हाइकाला 'पुढल्या वेळी सरळ बागेवर ये, स्वस्तात देतो' असं आजोबा बाजाराच्या फाटकातच सांगायचे. अडत्या ऐकायचा आणि पान थुंकायचा. त्याने काही आजोबांना मार्केटातून हाकललं नाही! 2016 साली सरकारने सांगितलं की भाजी-फळांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, तेव्हा अडत्यांनी संप केला, आदळआपट केली आणि शेवटी गुमान ऐकलं. म्हणजे दलाली कोणाकडून घ्यायची हे सरकारला ठरवता येतं. संत्र्यांच्या ढिगापर्यंत येतं. फोन हातात आला की सरकारचाच हात थरथरतो. आणि फोनवरचं दुकान घेतं ते काय कमिशन आहे का हो? मी शिकवायचं, प्रश्न मी काढायचे, भाच्याने रात्रभर जागून कोड लिहायचा, पालकाच्या नाकदुऱ्या मी काढायच्या, आणि पोट्टा दुसऱ्या महिन्याला वर्गणी भरतो तेव्हाही याचा वाटा, तिसऱ्या महिन्यालाही. त्या तिसऱ्या महिन्यात दुकानाने नेमकं काय केलं? मुलाला भागाकार शिकवला?

जाऊ द्या. उपरोधिक लिहायचं ठरवलं आहे, रागवायचं नाही.

न्याय मागायचा असेल तर तब्येत सांभाळा, कारण लांबचा पल्ला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या सक्तीवरून गूगलला 936.44 कोटींचा दंड केला आणि सांगितलं, ॲपवाल्यांना दुसरी पेमेंट पद्धत वापरू द्या. दिली हो, लगेच दिली. पैसे तुमच्या पद्धतीने घ्या म्हणाले, आमच्या वाट्यात 4 टक्के सूट. म्हणजे 15 चे 11. गल्ला माझा, सुट्टे मी द्यायचे, हिशेब मी ठेवायचा, गल्ल्याला हात न लावणाऱ्याला 11 टक्के. पुढे मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंडही 216.69 कोटींवर आणला. माझ्या क्लासात 936 मधून 720 वजा करायला एवढा वेळ कोणी लावला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शक्य असेल तर मोठे व्हा. मार्च 2024 मध्ये गूगलने शुल्काच्या वादावरून लग्न जमवणाऱ्या आणि नोकऱ्या शोधून देणाऱ्या काही बड्या भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हे चालणार नाही म्हटलं, आणि चार-पाच दिवसांत ॲप्स परत. आमच्याकडे नगरसेवकाला सांगून गटाराचं झाकण यायला याहून जास्त दिवस लागतात.

दुकानाबाहेरून ॲप देऊन पाहा. काही फोनांवर ते जमतच नाही. जमतं तिथे फोन असा काही बोंबलतो की पालक विचारतात, "सर, तुम्ही व्हायरस पाठवला का?"

मोर्चाचा विचार सोडा. हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवायला निदान पोलीस तरी असतात.

अपील अवश्य करा. मी केलं. अकरा मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे मेहनत घेतली असावी. 'आपण आमच्या पेमेंट धोरणाचे उल्लंघन केले आहे.' कोणत्या ओळीने? 'कृपया धोरण वाचा.' वाचलं. ती ओळ काढली, पुन्हा पाठवलं. 'तपासणी सुरू आहे.' किती दिवस? 'आपले समाधान झाले का? तारे द्या.'

आणि माझ्या त्या ओळीची खरी किंमत ऐका. ॲपवाल्यांना 'बाहेर स्वस्त मिळतं' हे गिऱ्हाइकाला मोकळेपणी सांगू देत नाही, म्हणून युरोपीय आयोगाने एप्रिल 2025 मध्ये ॲपलला 50 कोटी युरोचा दंड ठोठावला. 50 कोटी युरो! तिथे जो हक्क आहे, तो आमच्या महालात गुन्हा. दक्षिण कोरियाने दुकानाच्याच पेमेंटची सक्ती करायची नाही असा कायदा 2021 मध्येच केला. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. बड्या कंपन्यांनी काय करायचं नाही ते आधीच लिहून ठेवायचं, अशी त्यातली कल्पना. आज कसं आहे? आधी नुकसान, मग तक्रार, मग चौकशी, मग दंड, मग अपील. मसुद्यावर हरकती मागवल्या, हरकती आल्या. त्याचा कायदा झालेला मी तरी अजून पाहिला नाही.

उमरेडच्या एका बाईंचा फोन आला होता. "सर, यांच्या फोनचा स्क्रीन फुटला, नवा घेतला, तर आता ॲप दिसूनच नाही रायलं. पोट्टी सकाळपासून रडून रायली. पैसे तर भरले होते नं आम्ही?" काय सांगू त्यांना? स्पर्धा आयोगाचा निकाल वाचून दाखवू?

'दुकान त्यांचं, नियम त्यांचे' म्हणणाऱ्या शहाण्यांनो, तोंड बंद ठेवा जरा. फोन माझ्या पैशाचा आहे. प्रश्नपत्रिका माझ्या आहेत. मुलं माझ्यापुढे बसतात. रस्त्याच्या दोन्ही टोकांना नाके बांधून कोणी 'रस्ता आमचा' म्हणत असेल, तर त्याला विचारायला सरकार असतं. आणि सरकारात बसलेल्यांनो, मसुदे कसले काढता? गिऱ्हाइकाला भाव सांगायचा हक्क पाहिजे. ॲप काढून टाकण्याआधी नोटीस, बोलायला जिवंत माणूस, आणि ठरल्या मुदतीत उत्तर पाहिजे. यात न समजण्यासारखं काय आहे? चौथीच्या पोराला समजतं हे! आणि 99 रुपये महाग म्हणून माझ्याशी घासाघीस करणाऱ्या पालकांनो, तुम्हीही ऐका. त्यातले पंधरा कुठे जातात हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मी सांगायला गेलो तर मलाच हाकललं.

शेवटी झेरॉक्स काढल्या. चाळीस संच, सुतळीने बांधले, भाचा उमरेडच्या एसटीत घेऊन बसला. कंडक्टरने गठ्ठा उचलून पाहिला, लगेजचं तिकीट फाडलं, उरलेले पैसे परत दिले.

ॲप परत आलं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी.