सर्व्हिसिंगनंतर प्रिंटर कागद ओढेना : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

पिकअप रोलरवरच्या (ट्रेमधून कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवरच्या) लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतरांना संदर्भ कळावा म्हणून ती थोडक्यात सांगतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ तुमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. एचपी लेसरजेट १०२० ची सर्व्हिसिंग केली, त्याच वेळी टोनर रिफिल केला. दुसऱ्या दिवसापासून प्रिंटर दोन-दोन कागद ओढू लागला आणि मध्येच जाम होऊ लागला. लेख वाचून तुम्ही रोलर बदलला, पॅड (खालचा कागद धरून ठेवणारी पट्टी) बदललं, पण फरक पडला नाही. शेवटी मेकॅनिकने जुनाच रोलर पॉलिश पेपरने घासून बसवला, तर चार दिवस छान चालला. त्यावरून तुमचं म्हणणं असं, की लेख पुस्तकी आहे, त्याच्या नादाने पैसे वाया गेले, पॉलिश पेपरला उगाच नावं ठेवली आहेत आणि ७५ जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ७५ ग्रॅम) कागदाचा आग्रह दुकानदाराला परवडणारा नाही.

आधी पैशांचं बोलू, कारण राग त्याचाच आहे आणि तो रास्त आहे. तो लेख झिजलेल्या रोलरवर होता. झिजलेल्या रोलरचा प्रिंटर आठवड्यातून एकदा कागद सोडतो, मग दिवसातून एकदा, मग दर दहा पानांना. तुमचा प्रिंटर काल चालत होता आणि सर्व्हिसिंगनंतर आज अडला. रबर असं एका रात्रीत झिजत नाही. अशा वेळी जुना झालेला भाग शोधत बसू नये. सर्व्हिसिंगमध्ये कुठे कुठे हात लागला, काय काढलं, काय फवारलं, काय सांडलं, तेवढंच शोधायचं. सुटा भाग विकत घ्यायची पाळी त्यानंतर येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

आता 'दोन-दोन कागद' म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं निदान त्यावरच अडलेलं आहे. दोन कागद एकमेकांना चिकटून, एकावर एक बाहेर येतात का? की पहिला कागद संपता संपता दुसरा त्याच्या शेपटीला लागून आत जातो? दुकानात दोन्हीला 'डबल घेतो' असंच म्हणतात, पण हे दोन वेगळे आजार आहेत.

एकावर एक येत असतील तर प्रश्न घर्षणाचा. प्रिंटरमध्ये तीन घर्षणं असतात. रोलर आणि कागद यांच्यातलं सगळ्यात जास्त, पॅड आणि कागद यांच्यातलं त्याहून कमी, आणि कागद-कागद यांच्यातलं सगळ्यात कमी. हा क्रम टिकला की वरचा कागद रोलरबरोबर जातो आणि खालच्याला पॅड धरून ठेवतं. पॅड गुळगुळीत झालं की ते खालच्याला धरत नाही आणि दोन्ही जातात. उलट, पॅड नवं-कोरं खरखरीत आणि रोलर जुना चकचकीत असेल तर पॅड जिंकतं आणि कागद जागचा हलत नाही. म्हणून मी रोलर आणि पॅड जोडीने बदलायला सांगतो. तुम्ही जोडी बदललीत, तरीही फरक नाही. याचा अर्थ नव्या जोडीवरही काहीतरी पडतंय, नाहीतर आजार दुसरा आहे.

काय पडतंय, त्याचा माझा पहिला संशय तुमच्या रिफिल केलेल्या कार्ट्रिजवर, म्हणजे टोनरच्या डब्यावर आहे. १२ए कार्ट्रिज कागदाच्या वाटेच्या बरोब्बर वर बसतं. रिफिल करताना नुसता टोनर भरला आणि वापरलेल्या टोनरचा कप्पा रिकामा केला नाही, तर तो कप्पा तुडुंब भरून खाली गळायला लागतो. ड्रमला (ज्यावर छपाईचं चित्र तयार होतं त्या नळकांड्याला) टेकणारं, उरलेला टोनर खरवडणारं वायपर ब्लेड किंवा कडेचं सील नीट बसलं नाही तरी तेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अतिबारीक भुकटी. कॅरम बोर्डावर पावडर टाकली की सोंगटी जशी सुळकन सरकते, तसा कागद मग रोलरवर सरकतो. तुमच्या नव्या रोलरचं पहिल्याच दिवशी हे झालं असणार. आणि पॉलिश पेपरने चार दिवस का दिले, याचंही उत्तर इथेच आहे. त्याने रोलरवरचा टोनरचा थर निघाला, आणि चार दिवसांत वरून पुन्हा नवा थर पडला. तेच काम ओल्या फडक्याने झालं असतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. कार्ट्रिज काढा, बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, पांढऱ्या कागदावर आडवं धरून हलकेच पाच-सहा वेळा हलवा. कागदावर काळी भुकटी पडली तर रोलरला दोष देऊ नका, कार्ट्रिज परत रिफिलवाल्याकडे न्या. तोवर ड्रमवर उजेड पडू देऊ नका, काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. प्रिंटरमध्ये सांडलेला टोनर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने टिपून घ्या. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, टोनर त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरतो. हाताला-कपड्याला लागला तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो कपड्यात बसतो.

रोलर काढायचा तर आधी विजेची पिन काढा, कार्ट्रिज बाहेर घ्या. रोलरच्या दोन्ही टोकांना छोट्या पांढऱ्या कड्या आहेत. त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की रोलर पुढे फिरवून वर उचलता येतो. बसवताना एका बाजूची खाच गोल आणि दुसरीकडची चौकोनी असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. पण एका बाजूची कडी न अडकता राहू शकते, आणि मग कागद तिरका जातो. दोन्हीकडून 'टक' झाल्याशिवाय झाकण लावू नका. रबर पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर साध्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं पुरे. पूर्ण वाळू द्या. थिनर, पेट्रोल, रॉकेल नको, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. रबरावर बोट टेकवायचं नाही, बोटाचं तेलही लागतं. वाटेत दिसणारा काळा स्पंजचा ट्रान्सफर रोलर तर अजिबात हाताळू नका, तिथला तेलाचा ठसा छपाईत दिसतो.

पॉलिश पेपरवर माझं मत कायम आहे, आणि कारण मोजता येण्यासारखं आहे. हा रोलर इंग्रजी डी अक्षरासारखा, एका बाजूने सपाट असतो आणि एका उचलीला एकच फेरा घेतो. कागद किती पुढे जाणार हे त्याच्या गोल भागाच्या लांबीवर ठरतं. घासून व्यास अर्धा मिलिमीटर कमी झाला, तर पूर्ण गोल रोलरला एका फेऱ्यात दीड मिलिमीटर तूट येते. इथे सपाट बाजू सोडून तूट थोडी कमी, पण येतेच. हाताने घासलेला रोलर दोन्ही टोकांना सारखा उतरत नाही, म्हणून कागद तिरका होतो. ग्राहक समोर उभा असताना अडलेलं काम काढायला म्हणून कोणी घासला तर मी समजू शकतो. पण त्यानंतर तो रोलर बदलायच्या यादीत गेला असं धरा.

आता दुसरा आजार : कागद एकामागून एक, शेपटीला शेपटी लावून येतात. इथे रोलर-पॅड निर्दोष असतात. दोषी असतो सोलेनॉइड. कागद मागवला की हा छोटा विद्युतचुंबक एक पत्र्याची जीभ ओढतो, रोलरला अडवून धरणारा क्लच सुटतो, रोलर फिरायला लागतो. लगेच वीज बंद होते, स्प्रिंगने जीभ परत येते आणि एका फेऱ्यानंतर रोलरला अडवते. खटका बसू नये म्हणून जिभेखाली स्पंजची इवलीशी पट्टी चिकटवलेली असते. ही पट्टी जुनी झाली, किंवा सर्व्हिसिंगमध्ये कोणी गिअरवर डब्ल्यूडी-फॉर्टीसारखा स्प्रे मारला आणि तो तिथे झिरपला, की स्पंजचा चिकट लगदा होतो. जीभ त्याला धरून बसते, वेळेवर सुटत नाही, रोलर दुसरा फेरा घेतो आणि दुसरा कागद आत. १०२० मध्ये आणि त्याच घराण्यातल्या कॅनन एलबीपी २९०० मध्ये हा दोष इतका ओळखीचा आहे, की शेपटीला शेपटी दिसली की मी आधी इथेच बघायला सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, दुकानाला पत्र्याचं छप्पर असेल तर आत त्याहून जास्त. तो लगदा दुपारी जास्त चिकटतो. सकाळी बरा आणि दुपारी बिघडलेला प्रिंटर असेल तर हीच खूण माना.

गिअरच्या बाजूचं कव्हर काढलं की सोलेनॉइड दिसतो. पिन काढलेली असू द्या. बोटाने जीभ दाबा आणि सोडा. चट्कन परत आली पाहिजे. क्षणभर रेंगाळली, किंवा सुटताना चिकटपणा बोटाला जाणवला, तर निदान झालं. काडीला कापूस गुंडाळून अल्कोहोलने लगदा पूर्ण खरवडून पुसा, आणि जुन्या पट्टीएवढ्याच जाडीचा पातळ फेल्टचा किंवा कापडी टेपचा तुकडा लावा. जाड तुकडा लावला तर जिभेची हालचालच बदलते आणि नवा घोळ सुरू होतो. वायरमनची काळी टेप नको. उन्हाळ्यात तिचा गोंद बाहेर येतो, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मध्येच जाम होण्याबद्दल. १०२० ला दोनच दिवे, आणि नारिंगी दिवा लुकलुकला तर झाकण उघडं, कार्ट्रिज नाही, कागद संपला किंवा जाम, यातलं काहीही असू शकतं. दिवा काही सांगत नाही, सांगतो तो अडकलेला कागद. म्हणून तो खसकन ओढून फेकू नका. झाकण उघडा, पुढची कड कुठे थांबली ते पाहा, कागदावर पेनने खूण करा. पुढची कड कार्ट्रिजखाली पोचलीच नसेल, तर रोलर घसरतोय. कागद उचलला गेलेला दिसतो, पण कागद आल्याची खबर देणाऱ्या सेन्सरच्या काट्यापर्यंत वेळेत पोचत नाही आणि प्रिंटर त्यालाच जाम समजतो. कड ड्रमखाली थांबली असेल तर कार्ट्रिज पूर्ण खाली बसलं आहे का, रिफिलनंतर त्याची बाजूची पट्टी वर तर आली नाही ना, ते पाहा. कागद फ्युझरमध्ये (टोनर उष्णतेने कागदावर पक्का बसवणाऱ्या भागात) घड्या पडून गोळा झाला असेल तर फ्युझर किंवा त्यापुढचा काटा. तिथे हात घालण्याआधी वीज काढून किमान पंधरा मिनिटं थांबा, चटका जबर बसतो. आणि आत कागदाचा कपटाही नसताना, चालू करताक्षणीच जाम दाखवत असेल, तर सेन्सरचा प्लॅस्टिकचा काटा खाचेतून निसटला आहे किंवा त्याची केसासारखी स्प्रिंग सुटली आहे. बोटाने काटा हलवला की तो आपोआप परत आला पाहिजे. उघडझाप झालेल्या प्रिंटरमध्ये हे फार वेळा घडतं.

पॅड बदलायला प्रिंटर पुढच्या तोंडावर उभा करून तळातले दोन स्क्रू काढावे लागतात. तुमचं पॅड बदललं तेव्हा खालची स्प्रिंग जागेवर राहिली का, एवढं बघून घ्या. पॅड दोन्ही टोकांना बोटाने दाबल्यावर सारखंच उसळलं पाहिजे. प्रिंटर आडवा-उभा करण्याआधी कार्ट्रिज बाहेर काढायला विसरू नका.

राहिला कागद. कंपनीच्या हिशोबात हा प्रिंटर ६० ते १६३ जीएसएम घेतो, त्यामुळे ७० चालत नाही असं मी म्हणत नाही. माझी तक्रार अशी, की बाजारात ७० म्हणून मिळणारा कागद दर वेळी ७० नसतो. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर रिम ठेवा. ५०० कागदांची ए-फोर रिम ७५ जीएसएमला साधारण २ किलो ३४० ग्रॅम भरते, ७० ला २ किलो १८०, वर वेष्टनाचे थोडे ग्रॅम. त्याहून बरीच हलकी भरली तर कागद पातळ आहे, आणि डबल घेण्यात त्याचाही वाटा आहे. कोरड्या उन्हाळ्यात कागदांत स्थिर वीज साठते, ते एकमेकांना धरून बसतात. म्हणून गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी दोन्ही कडांनी फुलवून घ्या. ट्रे १५० कागदांचा असला तरी शंभरावर भरू नका. आणि कूलरच्या झोतात रिम उघडी ठेवू नका, दमट हवेने कडा लाटेसारख्या होतात आणि कागद तिरका शिरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांच्या ऑफिसांत प्रिंटर असतील त्यांना वेगळं सांगतो : सुताचा फुफाटा रोलरवर आणि पॅडवर बसतो, तिथे दर महिन्याला पुसणं ठेवाच.

मेकॅनिकला मी दोषी धरतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. तसं नाही. आपल्या गावातली जुनी १०२० अजून चालतात ती याच लोकांच्या हातामुळे. पण सर्व्हिसिंग झाल्यावर चार गोष्टी त्यांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे : काय उघडलं, काय फवारलं, काय बदललं आणि काढलेला जुना भाग कुठे आहे. चांगला कारागीर हे न विचारताही सांगतो.

तुमच्यासाठी आता क्रम असा. आधी कार्ट्रिज पांढऱ्या कागदावर हलवून बघा. मग ट्रेमध्ये एकच कागद ठेवून पाच वेळा टेस्ट पेज काढा, नंतर वीस कागद ठेवून दहा पानं काढा. एक कागद बिनचूक येतो आणि वीसमध्ये घोटाळा होतो, तर पॅड किंवा सोलेनॉइड. एक कागदही येत नसेल तर कान देऊन ऐका. प्रिंट दिल्यावर 'टक' आवाज येतो आणि रोलर फिरतो पण कागद हलत नाही, तर रोलरवरची घसरण. 'टक' येतो पण रोलर फिरत नाही, तर क्लच-गिअर. 'टक'च येत नाही, तर सर्व्हिसिंगमध्ये सोलेनॉइडचा वायरचा कनेक्टर लावायचा राहिला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. यातलं काय निघालं आणि दुसरा कागद एकावर एक येतो की शेपटीला लागून, ते इथेच खाली लिहा. तोवर तिसरा रोलर विकत घेऊ नका, आणि तुम्ही घेतलेला नवा रोलर टाकूनही देऊ नका. तो पुसून ठेवा, घासलेल्या रोलरच्या जागी तोच बसवायचा आहे.