सिनेमात झाड तोडणारा नेहमी दुसराच कुणीतरी असतो

दोनेक आठवड्यांपूर्वी भाचीबरोबर परत एकदा 'माय नेबर टोटोरो' हा जपानी ॲनिमेशनपट पाहिला, कितव्यांदा ते विचारू नका. ती सहा वर्षांची आहे आणि त्यातला एक सीन तिला तोंडपाठ आहे. दोघी बहिणी मध्यरात्री उठून बाहेर येतात, त्यांनी पेरलेल्या बियांभोवती जंगलात राहणारा तो गुबगुबीत प्राणी, टोटोरो, फिरतोय, मग सगळे मिळून खाली वाकतात आणि अंगातला सगळा जोर लावून वर ताणतात, की पुटकन एक कोंब, मग दुसरा, मग बघता बघता आभाळाला टेकणारं झाड. सिनेमा संपल्यावर बाईसाहेब थेट गॅलरीत. रिकाम्या कुंडीत बी पेरलं (कसलं ते मलाही माहीत नाही, एका जुन्या पुडीत पडून होतं), मला पण वाकायला लावलं, ताणायला लावलं, माझी कंबर धरली ती वेगळीच. सकाळी उठून बघते तर कुंडीत काहीच नाही. "मामा, तू नीट नाचलाच नाहीस."

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की अख्ख्या सिनेमात झाडं वाचवा असं कुणी एकदाही म्हणत नाही. कुऱ्हाड नाही, बुलडोझर नाही, जंगल हडपणारा लोभी शेठ नाही. आई आजारी आहे, नवीन घर आहे, एक प्रचंड कापराचं झाड आहे आणि पाऊस आहे, संपलं. बस स्टॉपवरचा सीन आठवा. बाबांची वाट बघत पोरगी उभी, धाकटी पाठीवर झोपलेली, शेजारी डोक्यावर एवढंसं पान ठेवून टोटोरो येऊन उभा राहतो, ती त्याला जास्तीची छत्री देते. छत्रीवर थेंब टपकतो, त्याचे डोळे मोठे होतात, अजून एक टपकतो, आणि मग ते त्याला इतकं आवडतं की तो धाडकन उडी मारतो आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम खाली. कथा म्हणाल तर एक इंच पुढे सरकत नाही. पण तेवढा वेळ आपण त्या झाडांखाली भिजत उभे असतो, आणि ते ठिकाण आपलं होऊन जातं.

आता पुढची गंमत. टोकियो आणि साइतामाच्या सीमेवर सायामा टेकड्या आहेत, दिग्दर्शक मियाझाकींना या सिनेमासाठी जिथनं बरंच काही सुचलं त्यातली एक जागा. सिनेमा आला १९८८ मध्ये. १९९० मध्ये तिथं टोटोरोच्या नावानं एक निधी सुरू झाला, लोकांकडून वर्गणी घ्यायची आणि घरं-रस्ते यायच्या आत जंगलाचे तुकडे सरळ विकत घेऊन टाकायचे. १९९१ मध्ये पहिला तुकडा घेतला, नाव ठेवलं टोटोरोचं जंगल नंबर १. आता असे पन्नासच्या वर तुकडे झालेत. सिनेमात एक ओळ भाषण नाही आणि बाहेर खरी जमीन, खरी झाडं, खरे सातबारे (जपानी सातबारे म्हणू 😄).

याच्या बरोब्बर उलट केस म्हणजे 'द लोरॅक्स', झाडांच्या वतीनं बोलणाऱ्या एका प्राण्याची गोष्ट. डॉ. स्यूसच्या १९७१ च्या मूळ मुलांच्या पुस्तकात झाडं तोडणारा जो वन्सलर आहे ना, त्याचा चेहराच दिसत नाही, नुसते हिरवे हात. मला ही त्या पुस्तकातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, कारण बिनचेहऱ्याचे हात कुणाचेही असू शकतात, तुमचे माझे पण. २०१२ च्या ॲनिमेशनपटात त्याला छान चेहरा दिला, गाणं दिलं, आणि वर शिव्या खायला एक वेगळाच बुटका माणूस आणला, बाटलीतली हवा विकणारा. शेवटी तो हरतो, सगळे टाळ्या वाजवतात, आपण पॉपकॉर्नचा डबा सीटखाली सरकवून घरी. आणि त्याच लोरॅक्सची पात्रं तेव्हा एका एसयूव्हीच्या जाहिरातीत, गाडीला त्या सिनेमातल्या झाडांच्या नावानं पसंतीचा शिक्का! हे मी बनवून सांगत नाहीये.

माझी तक्रार एवढीच आहे की व्हिलन काळाकुट्ट केला की प्रेक्षक आपोआप गोराफटक होतो. जंगल तोडतो तो सिगार ओढणारा, आपण तर बाबा फक्त फर्निचर घेतो.

म्हणून मला 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) इतका छळतो. तोही मियाझाकींचाच, पण टोटोरो बघायच्या वयाच्या पोरांना लगेच दाखवू नका, हात-बित तुटतात. त्यात जंगल कोण तोडतंय? एबोशी नावाची बाई. लोखंड गाळायला कोळसा लागतो, कोळशाला झाडं लागतात, सरळ हिशोब. पण हीच बाई कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना काम देते, महारोग्यांना आपल्या घरात ठेवते, त्यांच्या जखमा स्वतः धुते. आता करा तिचा राग. मला पहिल्यांदा पाहताना अक्षरशः चिडायला जागा सापडेना, जंगलाच्या बाजूनं उभं राहावं तर त्या बायकांची चूल विझते, आणि त्यांच्या बाजूनं उभं राहावं तर तिकडे वनदेवाचं मुंडकं उडतंय. शेवटी हिरवळ परत येते पण ते जुनं जंगल येत नाही, वनदेव गेला तो गेलाच. पर्यावरणावरचे रिपोर्ट वाचून जे कळत नाही ते इथं पोटात कळतं, की बहुतेक जंगलं वाईट माणसं तोडत नाहीत, पोटापाण्याला लागलेली माणसं तोडतात.

बरं, प्रेमात पाडणारे सिनेमे सगळे चांगलंच करतात का, तर तसंही नाही. डिस्नेचा 'बॅम्बी' घ्या, १९४२ चा, हरणाच्या पाडसाची गोष्ट. त्यातली जंगलाची चित्रं टायरस वाँग या चिनी-अमेरिकन चित्रकाराच्या हातातून आलेली, जुन्या चिनी निसर्गचित्रांसारखी, पान न् पान न काढता नुसतं धुकं आणि उजेड, आणि त्या धुक्यात ते पाडस. माणूस एकदाही पडद्यावर दिसत नाही, फक्त त्याची गोळी ऐकू येते आणि त्याच्या शेकोटीची आग दिसते. शिकारीला नावं ठेवणारी एक पिढीच त्यातनं तयार झाली असं म्हणतात, शिकारी लोक तेव्हाच भडकले होते. पण मजा आगीची आहे. १९४४ मध्ये अमेरिकेच्या वणवाविरोधी मोहिमेनं पोस्टरवर बॅम्बीच घेतला, डिस्नेनं तो फक्त एक वर्षासाठी वापरायला दिला होता, मग त्यांना स्वतःचा प्राणी शोधावा लागला आणि टोपी घातलेलं ते स्मोकी अस्वल आलं. पुढे कित्येक वर्षं आग म्हणजे जंगलाची शत्रू, दिसली की विझवा, हेच डोक्यात. प्रत्यक्षात काही पाइन असे आहेत की त्यांचे शंकू राळेनं चिकटून बंद असतात, आगीची धग लागल्याशिवाय उघडतच नाहीत, बी पडतच नाही. छोट्या आगी विझवत राहिलं की पालापाचोळा साठतो आणि मग एक दिवस जी लागते ती आटोक्यात येत नाही. सगळा दोष पाडसावर नाही टाकत मी, आग दिसली की विझवायचं धोरण त्याच्या आधीपासूनचं. पण पडद्यावर एकदा बघून घाबरलेलं मन नंतरचं 'अहो पण काही जंगलांना आग हवीच असते' हे ऐकायला तयार होत नाही, एवढं मात्र खरं.

दुसरीकडे आपण सिनेमाची ताकद जरा जास्तच धरतो असंही वाटतं. 'फाइंडिंग निमो' आल्यावर लोकांनी ते केशरी मासे भराभर घरी आणले ही गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलीय, मीही वर्षानुवर्षं गप्पांत ठोकून दिलीय. मग 'फाइंडिंग डोरी' (२०१६) नंतर ऑक्सफर्डच्या संशोधकांसह एका टीमनं खरंच आकडे तपासले, २०१९ मध्ये पेपर आला. निघालं काय, तर त्या निळ्या माशाबद्दल इंटरनेटवर शोधाशोध वाढली, विकत घेण्यासाठी आयात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणजे पाहणाऱ्यानं दोन-तीन आठवडे कुतूहलानं बघितलं आणि विसरला. वाईट केलं नाही, चांगलंही केलं नाही. मला तर हे मासे विकत आणण्यापेक्षा जास्त खुपलं.

इथंच मला टोटोरोच्या त्या जंगलाची किंमत कळते. सिनेमा दोन तासांत मन मऊ करतो, पण ते मऊ मन घेऊन सोमवारी सकाळी जायचं कुठं? तिथं कुणीतरी वर्गणीचं पुस्तक घेऊन आधीच उभं होतं. एसयूव्हीवाला पण तसाच आधीच उभा होता. जो आधी उभा असेल त्याच्याकडे माणूस जातो.

फ्रेडरिक बॅकची 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' (१९८७) ही अर्ध्या तासाची फिल्म मिळाली तर नक्की बघा, ऑस्कर मिळालेली आहे. एक धनगर रोज शंभर चांगले ओकचे बी निवडतो, भिजवतो, लोखंडी काठीनं भोक पाडतो, टाकतो. सुरुवातीला सगळं तपकिरी, उजाड, रंगीत पेन्सिलीच्या रेघा वाऱ्यासारख्या सळसळतात, आणि तुमच्या लक्षातही येत नाही कधी हिरवा शिरला ते. हे फक्त ॲनिमेशनच करू शकतं, तीस वर्षं अर्ध्या तासात, आणि तरी प्रत्येक रेघ कुणीतरी बसून ओढलेली. तो धनगर खरा नव्हता, मूळ कथा लिहिणाऱ्या जाँ जिओनो या फ्रेंच लेखकानं नंतर सरळ सांगून टाकलं होतं. मला हे कळलं तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटलं होतं, आता नाही वाटत.

काल कुंडीत काहीतरी उगवलंय. आम्ही पेरलेलं ते बी नव्हे, मी नीट बघितलं, साधं तण आहे, मातीतच पडलेलं असणार. दोन पानं, त्यातलं एक कुरतडलेलं. उपटायला हात घातला तर मागनं ओरडली, "मामा, अरे ते आपलंय!"